सील समोर फोडायचं

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की स्वामी विवेकानंद रोड हाकेच्या अंतरावर आहे, पण संध्याकाळी सातनंतर तेवढं अंतर कापायलाही चांगलाच वेळ लागतो. भाजीच्या पाट्या, मोबाइलची कव्हरं, वडापावच्या गाड्या, शेअर रिक्षाच्या रांगा. या गर्दीतून पुढे सरकणाऱ्या माणसांपैकी काहीजण मध्येच एखाद्या अरुंद दाराकडे वळतात आणि पडद्याआड जातात. दारावर पाटी असते, ‘परमिट रूम’. काचेला काळी फिल्म, फिल्मच्या आत पडदा, आणि पडद्याच्या आत मंद दिवे. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसू नये याची पुरती तजवीज केलेली.

अमेरिकेत अशा जुन्या, स्वस्त, वस्तीतल्या बारला ‘डाइव्ह बार’ म्हणतात आणि तिथं त्यावर हौसेनं लिहिलं जातं. मुंबईत त्या जातीची दोन नावं दूरवर पोचलेली आहेत, कुलाब्यात ताजच्या मागचं गोकुळ आणि वांद्र्यात पाली नाक्यावरचं जनता. मालाडच्या बारना असं नाव नाही. त्यांच्याकडे लांबून कुणी येत नाही. येतो तो दोन गल्ल्या पलीकडे राहणारा किंवा जवळच्या गाळ्यात काम करणारा माणूस, आणि तो आपल्या बारचं वर्णन दोन शब्दांत करतो: क्वार्टर सिस्टीम. वस्तीतला बार वस्तीचा कशानं होतो, हे या दोन शब्दांच्या आधारानं शोधत मी स्टेशनपासून मार्वे रोडनं खाडीपर्यंत आणि उलट दिशेला कुरारपर्यंत फिरलो.

क्वार्टर सिस्टीम म्हणजे इथं पेग मागायचा नसतो. एकशे ऐंशी मिलीची आख्खी बाटली मागवायची. ब्रँडचं नाव सांगितलं की वेटर काउंटरवरून बाटली घेऊन येतो, टेबलावर ठेवतो आणि लेबल गिऱ्हाइकाकडे वळवतो. गिऱ्हाईक बाटली उचलून दिव्याकडे धरतं, झाकणाखालचं कडं शाबूत आहे ना हे अंगठ्यानं चाचपतं आणि मान हलवतं. मग वेटर झाकण पिळतो. कडं तुटल्याचा बारीक आवाज होतो. तोवर टेबलावरचं कुणीही ग्लासला हात लावत नाही. पहिला घोट वेटर ओततो, पुढचे ज्याचे त्यानं. बाटली टेबलावरच राहते, त्यामुळे किती संपली आणि किती उरली हे कुणाला विचारावं लागत नाही. स्टीलचा जग, बर्फाची वाटी, सोडा हवा की साधं पाणी एवढाच प्रश्न. चकण्याची बशी न मागता येते. त्यात उकडलेले चणे, वर चिरलेला कांदा, कधी काकडीच्या चकत्या. संपली की पुन्हा भरून मिळते, तिचे पैसे नाहीत.

पेगमध्ये शंकेला जागा असते. माप भरलं का, बाटलीत आधीच पाणी होतं का, साठ मागितले तर पन्नासच आले का? ज्याच्या खिशात मोजून चारशे रुपये आहेत त्याला या शंका परवडत नाहीत. क्वार्टरमध्ये त्याचा हिशेब बाटली उघडायच्या आधीच झालेला असतो. साठ-साठचे तीन पेग, भाव मेनूकार्डावर छापलेला, सील डोळ्यांसमोर फोडलेलं. माझ्या मते वस्तीतल्या बारची पहिली ओळख हीच. रंग उडालेल्या भिंती, डगमगणारी टेबलं, बेसिनपाशी साबणाची झिजलेली वडी हे सगळं तिथं असतं, पण ते स्वस्ताईच्या मागून आलेलं आहे. मुळात ही अशी जागा आहे जिथं कमी पैशांचा माणूस आपल्यासमोर आलेली प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून घेऊ शकतो.

काउंटरवर बसलेले अण्णा बहुधा उडुपी-मंगळूरकडचे, घरी तुळू बोलणारे. मुंबईतल्या असंख्य परमिट रूम्स शेट्टी मंडळींच्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक आधी साधी उडुपी हॉटेलं होती. पुढे इडली-डोशाच्या जोडीला परमिट रूमचा परवाना आला. म्हणून आजही काही ठिकाणी सकाळी खालच्या हॉलमध्ये मसाला डोसा आणि फिल्टर कॉफी मिळते, आणि दुपारनंतर त्याच स्वयंपाकघरातून चिकन लॉलीपॉप, सुरमई फ्राय आणि मसाला पापड निघू लागतात. अण्णांच्या डोक्यावर देवाची तसबीर, तिला झेंडूचा हार आणि लाल बल्ब. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद केलेला क्रिकेटचा सामना. वर एसी रूम असते, तिथं तीच बाटली महाग. नेहमीची माणसं वर जात नाहीत.

पडदा आणि अंधार कुठून आला हे मात्र कायद्याच्या इतिहासात शोधावं लागतं.

मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी झाला. बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. त्याच वर्षी मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी सुरू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, पुढे मुख्यमंत्री झाले, आणि दारूबंदी हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. बलसारा नावाच्या नागरिकानं कायद्याला आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही कलमं रद्द केली आणि बाकीचा कायदा टिकवला. ज्याला प्यायचीच असेल त्यानं प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र आणून परवाना काढायचा, अशी सोय होती. अर्थात ती सोय कोट घालणाऱ्यांसाठी होती. गिरणीत साचा चालवणाऱ्याला असं प्रमाणपत्र कोण देणार?

त्याच्यासाठी आंटी होती. मुंबईभर, विशेषतः गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत, बऱ्याचदा विधवा असलेल्या बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकं टाकली. खाडीकाठच्या तिवरांत गूळ, नवसागर, कुजकी फळं यांच्या भट्ट्या लागत आणि तिथला माल रबरी ट्यूबमधून शहरात येई. आंटीच्या घरी ग्लास मिळे, उकडलेलं अंडं मिळे, उधारी लिहिली जाई आणि जास्त झालेल्याला घरी पाठवलं जाई. दारात पोरगा पहाऱ्याला आणि खिडकीला पडदा. मालाड १९५७ पर्यंत बृहन्मुंबईत नव्हतंच, ते ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीचा भाग होतं. ऑर्लेम, खारोडी, मार्वे, मनोरी या पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन घरांत दारू गाळणं आणि पिणं ही कायद्याच्या फार आधीपासूनची रीत. त्यांच्या लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणायला बँड लावून विहिरीवर जातात, आणि लग्नघरात खिमट फिरते. खिमट म्हणजे मसाले आणि साखर घालून गरम केलेली दारू, छोट्या पेल्यातून द्यायची, आजीला आणि नातवंडाच्या बापाला एकाच तबकातून. दारूबंदीनं या घरांचा रिवाज एका रात्रीत गुन्हा ठरवला.

साठीच्या दशकाच्या मध्यापासून महाराष्ट्रानं बंदी सैल केली, गुजरातनं केली नाही. पण कायदा रद्द झाला नाही. तो आजही आहे, आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. दारूची दुकानं, बार, बाटल्या सगळं त्याच दारूबंदी कायद्यातल्या सवलतीवर चालतं. पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. एक दिवसाचा देशीसाठी दोन रुपयांना, विदेशीसाठी पाच. बिअर आणि वाइनला वय एकवीस, बाकी सगळ्याला पंचवीस. मालाडच्या टेबलांवर कुणाच्या खिशात असा परवाना असेल असं मला वाटत नाही. म्हणजे पडद्याआड बसलेला प्रत्येक माणूस आजही कायद्याच्या काठावरच बसलेला असतो. आंटीच्या खिडकीवरचा पडदा परमिट रूमच्या काचेवर आला, आणि ज्या समाजानं तो लावायला सांगितला त्यानं तो अजून काढू दिलेला नाही.

त्या पडद्याआड कोण असतं? स्टेशनजवळ बॉम्बे टॉकीजचं आवार आहे. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये उभारलेला हा स्टुडिओ. अशोक कुमार इथं घडला, मंटोनं इथं नोकरी केली. पन्नाशीच्या दशकात तो बंद पडला आणि आता त्या आवारात छोटे छोटे गाळे आहेत, फर्निचरचे, पत्र्याचे, छपाईचे. तिथली माणसं हातावरचं ग्रीस नीट न निघताच सातच्या सुमारास आत येतात. रिक्षा दुसऱ्या पाळीच्या ड्रायव्हरच्या हवाली केलेला चालक असतो. निवृत्त कारकून असतो, त्याचं टेबल ठरलेलं. हल्ली डिलिव्हरीची मुलं येतात आणि चौकोनी पिशवी पायाशी ठेवतात. टेबल कमी पडलं की वेटर अनोळखी माणसाच्या समोर बसवतो. दोघांच्या दोन बाटल्या, बोलणं झालं तर झालं. लोकल किती उशिरा होती, बिल्डरनं भाडं थकवलं की नाही, पोराला अकरावीला कुठं मिळालं. कुणी आडनाव विचारत नाही. गावी ज्याच्या घरी पाणीही पिऊ दिलं नसतं त्याच्याच बशीतले चणे इथं उचलले जातात, आणि याला मी लहान गोष्ट मानत नाही.

ही माणसं घरी का पीत नाहीत, असं विचारणाऱ्यानं त्यांची घरं पाहिलेली नसतात. झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळायचं ते आधी २२५ चौरस फुटांचं, मग २६९, आणि अलीकडे ३००. तेवढ्यात म्हातारे आईवडील, बायको, दहावीची मुलगी आणि धाकटा भाऊ. त्या खोलीत बाटली उघडायची तर कुणासमोर? बापासमोर पिणं आजही इथल्या माणसाला जमत नाही, मुलीसमोर तर नाहीच. दोन तास एकट्यानं बसायला, भिंतीकडे बघत काहीही न बोलायला या शहरात त्याच्यासाठी दुसरी जागा नाही. उद्यानं संध्याकाळी बंद होतात. उडुप्याकडे चहा संपला की उठावं लागतं.

आणि त्याच्या बायकोला तर एवढीही जागा नाही. या बारची सगळ्यात मोठी उणीव मला ही वाटते. तिचाही दिवस तितकाच लांब असतो, पण तिनं दोन तास कुठं जाऊन बसायचं याचा विचार ना कायद्यानं केला, ना अण्णांनी. पाटीवर ‘फॅमिली रूम’ लिहिलेलं असतं. ती बहुतेक वेळा रिकामी असते किंवा तिथं कांद्याची पोती रचलेली असतात. खारोडीच्या लग्नघरात खिमटचा पेला हातात घेऊन बसलेल्या बायका आठवल्या की हे आणखी टोचतं. चार-पाच किलोमीटरच्या आत दोन रीती नांदतात.

लिंक रोडला गेलं की वेगळंच मालाड सुरू होतं. चिंचोली बंदरचं डंपिंग ग्राउंड होतं तिथं माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, २००४ मध्ये इनऑर्बिट मॉल आला, मागोमाग दुसरे मॉल आले. त्यांच्या आसपासच्या काही बारमध्ये विटा उघड्या ठेवलेल्या असतात, लोखंडी खुर्च्या मुद्दाम गंजक्या रंगवलेल्या असतात. तिथं बसणाऱ्या तरुण मुलामुलींबद्दल मला आनंदच वाटतो. मुली तिथं बिनघोर बसतात, आणि ती गोष्ट स्वामी विवेकानंद रोडला अजून जमलेली नाही. पण तीस मिलीचा भाव पाहिला की कळतं, ही जागा गाळ्यातल्या माणसासाठी नाही.

रेल्वेच्या पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग आहे आणि त्याच्या पलीकडे कुरार, पठाणवाडी, आप्पापाडा. डोंगराच्या उतारावर चढत गेलेली ही वस्ती. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं, आणि १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव सोडून उपनगरांत आलेली कुटुंबं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये हुकूम दिला की महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना आवर घालणं हा त्यामागचा हेतू, आणि हेतूशी भांडण नाही. १ एप्रिल २०१७ ला अंमल सुरू झाला आणि मुंबईतल्या द्रुतगती मार्गांच्या कडेचे बार बंद झाले. पण त्या बारमध्ये गाडीनं येणारे किती होते? कुरारचा माणूस पायी यायचा आणि पायी जायचा. महापालिकांच्या हद्दीत हा नियम लागू नाही असं न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत स्पष्ट केलं, तोवर कित्येक वेटर गावी निघून गेले होते.

कुरारमध्ये परमिट रूमच्या एक पायरी खालचं ठिकाण आहे. पाटी सरकारी मराठीत: ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. त्याचं शटर सकाळीच उघडतं. रात्रपाळीचे वॉचमन आणि सफाई कामगार तेव्हा येतात, त्यांची ती संध्याकाळ असते. काउंटरला जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी. आत सिमेंटचा कट्टा किंवा दोन बाकं. पुष्कळजण उभ्यानंच पितात आणि दहा मिनिटांत बाहेर पडतात. बाटल्यांवर संत्रा, लिंबू पंच, डॉक्टर अशी नावं. यातला बराच माल मुंबईच्या उत्तरेला विरारमध्येच तयार होतो, जी. एम. ब्रुअरीजच्या कारखान्यात. तीव्रता ४२.८ टक्के, म्हणजे विदेशी म्हणवणाऱ्या व्हिस्कीइतकीच. फरक पडतो तो चवीत आणि भावात.

दुकानात चकणा नाही, म्हणून चकण्यानं दाराबाहेर स्वतःचा बाजार मांडलाय. एक जण टोपलीत उकडलेली अंडी घेऊन बसतो. अंडं सोलतो, दोऱ्यानं चार फोडी करतो, वर मीठ-तिखट आणि लिंबू पिळतो, हे सगळं गिऱ्हाइकाकडे न बघता. शेजारी खारे शेंगदाणे आणि वाटाणे, थोडं पलीकडे भुर्जीपावची गाडी. मी बराच वेळ अंडेवाल्याच्या बाजूला उभा होतो. आत जाणारा माणूस आधी त्याच्याकडे पैसे ठेवतो, परत येतो तेव्हा अंडं तयार असतं. पिण्याआधी काहीतरी पोटात जावं म्हणून तो काहींना आत जायच्या आधीच अंडं हातात देतो आणि खाल्ल्याशिवाय सोडत नाही. आंटीचं हे काम आता त्याच्याकडे आलंय.

पुन्हा पश्चिमेला येऊन स्टेशनवरून मढ जेट्टीला जाणाऱ्या २७१ नंबरच्या बसमध्ये बसलं की ऑर्लेमचं चर्च, मग मीठ चौकी, मग मालवणीचे फाटे लागतात. खिडकीतून एरंगळकडे माडांचे आणि ताडांचे शेंडे दिसू लागतात. या झाडांवरून ताडी-माडी काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं झाडं छेदण्यावर परवाना आणि कर बसवला, तेव्हापासून ताडी-माडी सरकारच्या हिशेबात आली. आज ताडी-माडी केंद्रं उरली आहेत, पण ताडावर चढणारी माणसं कमी झाली. त्यामुळे काही ठिकाणी ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट घातलेलं पांढरं पाणी विकलं जातं आणि अधूनमधून धाडी पडतात. झाड, मडकं आणि चढणारा माणूस डोळ्यांसमोर असेपर्यंत ताडीला सीलची गरज नव्हती.

मालवणीच्या पुढे राठोडी गाव आहे आणि त्याला लागून लक्ष्मीनगर. १७ जून २०१५ च्या रात्री इथल्या माणसांनी रोजच्यासारखी पिशवीतली गावठी घेतली. बहुतेक बिगारी, रिक्षावाले, हातावर पोट असलेले. त्या दारूत मिथेनॉल होतं. रंग, थिनर, रसायनं यांच्या उद्योगात लागणारं हे अल्कोहोल दिसायला आणि चवीला ओळखू येत नाही. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, पण त्याला काही तास लागतात. तोवर माणूस झोपून उठतो, कामालाही जातो. मग पोटात कळा, धाप, आणि डोळ्यांसमोर धुकं. नजर आधी जाते. वेळेत रुग्णालयात पोचलं तर उतारा आहे, आणि तो उतारा म्हणून साधं पिण्याचं अल्कोहोलही दिलं जातं, कारण ते मिथेनॉलचं विघटन रोखून धरतं. लक्ष्मीनगरातल्या माणसांना रोग काय आहे हेच कळलं नाही. शंभराहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत अशीच ऐंशीहून अधिक माणसं गेली होती. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. चौदा आरोपींपैकी चार दोषी ठरले आणि दहा सुटले.

त्या गल्लीत आज नवी दुकानं आहेत, मोबाइल रिचार्ज, शिलाई, पिठाची गिरणी. तिथं उभं राहिल्यावर क्वार्टरच्या झाकणाखालचं ते कडं किती मोलाचं आहे ते समजलं. बाटलीवर बॅच नंबर असतो, कारखान्याचा पत्ता असतो, उत्पादन शुल्क खात्याचं लेबल असतं. काही झालं तर मागं जाऊन कुणालातरी धरता येतं. पिशवीला गाठ मारलेली असते, आणि गाठीवर कुणाचं नाव नसतं. लक्ष्मीनगरच्या माणसाला पिशवी आवडत होती असं नाही. ती स्वस्त होती, जवळ होती, उधारीवर मिळत होती आणि पहाटेही मिळत होती. म्हणजे चांगल्या बारच्या सगळ्या खुणा तिच्यात होत्या. फक्त सील नव्हतं.

दारूनं घरं मोडली आहेत, आणि ती मोडताना सगळ्यात आधी बायकांवर कोसळली आहेत. महाराष्ट्रातल्या बायकांनी याविरुद्ध जे उभं केलंय त्याच्यापुढे कुठल्याही बारचं कौतुक सांभाळूनच करायला हवं. मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के जणांनी अर्ज केला तर दुकान राहावं की जावं यावर मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे राहावं, आडवी बाटली म्हणजे जावं. पुरेशी मतं आडवीला पडली की दुकान बंद. गावोगावी बायकांनी रांगा लावून बाटली आडवी केली. वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. मी या बायकांच्या बाजूचा आहे. माझं मागणं एवढंच, की बाटली आडवी झाल्यावर त्या गावात पिशवी उभी राहणार नाही हे बघणं सरकारचं काम आहे, आणि ते काम रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या गळ्यात घालू नये.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं. एकशे ऐंशी मिलीचे किमान भाव ठरले: देशी ८० रुपये, धान्यापासून बनवलेली ‘महाराष्ट्र मेड’ ही नवी वर्गवारी १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. परमिट रूममधला व्हॅट त्याआधीच पाचवरून दहा टक्क्यांवर गेला होता. ‘आहार’ या हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या हाकेवरून १४ जुलै २०२५ रोजी राज्यातले बार आणि परमिट रूम एक दिवस बंद राहिले. तिजोरीला पैसा हवा हे खरं. पण हे आकडे ठरवणाऱ्यांनी खालच्या पायरीवरचा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता का, याची मला शंका आहे. विदेशी पिणारा देशीवर उतरेल. देशीवरच्यासाठी खाली परवान्याची पायरी उरलेली नाही.

स्वामी विवेकानंद रोडवरच्या बारमध्ये भाववाढीचा परिणाम टेबलावर दिसतो. फर्निचरच्या गाळ्यातले दोघं पूर्वी दोन क्वार्टर मागवायचे, आता एकच मागवतात आणि अर्धी-अर्धी करतात. वेटर न विचारता दोन ग्लास आणतो, सील दोघांच्या मध्ये फोडतो आणि ओतताना दोन्ही ग्लास शेजारी ठेवून पातळी जुळवतो. चण्यांची बशी मात्र दोन. एवढ्या धंद्यावर दीड तास टेबल अडतं, हे काउंटरवरून दिसत असतं, तरी त्यांना कुणी उठवत नाही. शनिवारी आठवड्याचा पगार झाला की ते दोन बाटल्या मागवतात आणि बरोबर सुरमई.